शिट्टी वाजल्यावर: बॉल कोणाचा, कुठून आणि किती सेकंद?



हॉलंडात बास्केटबॉल क्लबात मुलांचं (किंवा स्वतःचं) नाव घातलं की दोन गोष्टी हमखास होतात. पहिली म्हणजे सहा महिन्यांत बूट लहान होतात. दुसरी म्हणजे क्लबाकडून एक मेल येते: अमुक शनिवारी, अमुक वाजता, टेबलवर तुमची ड्यूटी आहे. "मला नियम येत नाहीत" हे उत्तर इथे चालत नाही. क्लब सभासदांच्या जिवावर चालतो. कँटीनमधल्या कॉफीपासून कोर्टवरच्या शिट्टीपर्यंत बहुतेक कामं आळीपाळीने सभासद आणि पालकच करतात.

मी राहतो नीउ-व्हेनेपला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्किपोलहून लायडनकडे जाताना हूफ्डडॉर्पनंतरचं स्टेशन. १८५२ साली पाणी उपसून कोरड्या केलेल्या तळ्याच्या तळाशी, समुद्रसपाटीच्या चारेक मीटर खाली वसलेलं गाव. मी पुरुषांच्या अगदी खालच्या गटात खेळतो (पोट सुटू नये एवढाच हेतू) आणि त्या बदल्यात मुलांच्या सामन्यांना टेबलवर बसतो. बहुतेक वेळा माझ्याकडे शॉट क्लॉक असतं, म्हणजे ते चोवीस सेकंदांचं घड्याळ.

इतक्या शनिवारांनंतर एक गोष्ट लक्षात आली. फाऊल होता की नव्हता यावर आरडाओरडा होतो, पण तो चार सेकंदांत विरतो. खरा वाद होतो तो खेळ थांबल्यावर: आता पुन्हा सुरू कुठून करायचं? आपल्या यादीवर निम्मे लोक आयटीतले आहेत, त्यांना हे पटेल. सर्व्हर पडला याचं कोणाला फार आश्चर्य वाटत नाही. तो परत उभा करताना नेमकी कुठली स्थिती खरी धरायची, यावर रात्र जागवावी लागते.

म्हणून हा लेख. ज्यांना पुढच्या शनिवारी टेबलवर बसायचंय त्यांच्यासाठी, आणि कठड्याला टेकून रेफरीवर ओरडणाऱ्यांसाठीही.

तीन प्रश्न

खेळ कशानेही थांबो, रेफरीला तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: बॉल कोणाचा, कुठून टाकायचा आणि घड्याळात किती सेकंद.

बॉल कोणाचा? फाऊल किंवा नियमभंग असेल तर उत्तर नियमातच असतं. पण खेळ कोणाच्याच चुकीशिवाय थांबला असेल, म्हणजे खेळाडू पडला, घड्याळ बंद पडलं, शिट्टी चुकून वाजली, तर ज्यांच्या ताब्यात बॉल होता त्यांचाच. कोणाच्याच ताब्यात नव्हता तर? किंवा दोघांनी मिळून घट्ट धरला असेल तर? तिथे टेबलवरचा बाण येतो.

आपल्यापैकी जे शाळेत पीटीच्या सरांच्या हाताखाली खेळले त्यांना आठवत असेल, प्रत्येक वेळी दोघांना समोरासमोर उभं करून जंप बॉल उडवायचे. फीबाने २०००च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद केलं. आता जंप बॉल फक्त सामन्याच्या सुरुवातीला. तो ज्या संघाला मिळत नाही, बाण त्यांच्या बाजूने. पुढचा असा प्रसंग आला की बॉल त्यांचा, आणि थ्रो-इन पूर्ण झाला की बाण उलटा. (अमेरिकेतल्या एनबीएत अजूनही जंप बॉल उडवतात, त्यामुळे टीव्हीवर पाहून आलेली मुलं गोंधळतात.) बारीक मुद्दा असा की बाण शिट्टी वाजल्याबरोबर फिरवायचा नसतो. टाकलेल्या बॉलला कोर्टवरच्या खेळाडूचा हात लागला की मगच. त्याआधी फाऊल झाला तर बाण आहे तिथेच राहतो. टेबलवरचा घाईघाईचा माणूस इथेच फसतो.

कुठून? जिथे नियम मोडला किंवा खेळ थांबला त्याच्या जवळच्या जागेहून. फक्त बोर्डाच्या थेट मागून नाही. यात फारसं काही नाही.

किती सेकंद? खरी गंमत इथे आहे.

सामन्याचं घड्याळ सोपं. थांबलं तिथून पुढे, आणि थ्रो-इनच्या बॉलला कोर्टच्या आतल्या खेळाडूचा हात लागला की चालू. बॉल हातातून सुटला तेव्हा नाही, हात लागला तेव्हा. शॉट क्लॉक मात्र कधी आहे तिथून पुढे चालतं, कधी चोवीसवर जातं, कधी चौदावर. पाठांतर करू नका, कारण लक्षात ठेवा. बचाव करणाऱ्या संघामुळे खेळ थांबला (फाऊल केला, पाय लावून बॉल अडवला, त्यांचा खेळाडू जखमी झाला) तर आक्रमण करणाऱ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून वेळ वाढवून मिळतो. थ्रो-इन स्वतःच्या अर्ध्या भागातून असेल तर पूर्ण चोवीस. समोरच्या भागातून असेल तर चौदा किंवा जास्त शिल्लक असल्यास तेवढेच, तेरा किंवा कमी असल्यास चौदा.

उलट, बचाव करणाऱ्याच्या हाताला लागून बॉल नुसता बाहेर गेला, दोन्ही संघांचे फाऊल एकमेकांत वजा झाले, बाण आक्रमकांच्याच बाजूने निघाला, किंवा आक्रमकांचा स्वतःचा खेळाडू जखमी झाला, तर वेळ वाढवून मिळत नाही. जे शिल्लक तेच. शेवटची अट वाचायला कठोर वाटते. पोरगं पडलंय आणि तुम्ही सेकंदं मोजताय! पण विचार करा. ती अट नसती तर दोन सेकंद उरल्यावर प्रत्येक संघातला कोणी ना कोणी घोटा धरून खाली बसला असता. (पडलेल्या खेळाडूसाठी खेळ कधी थांबवायचा हा वेगळा प्रश्न. साधारणपणे चालू चाल संपेपर्यंत थांबतात, पण त्याला धोका असेल तर रेफरी ताबडतोब शिट्टी मारू शकतो. तिथे सेकंदांचा विचार करायचाच नाही.)

दोन्ही संघांशी संबंध नसलेल्या कारणाने खेळ थांबला तरी चोवीस-चौदाचा हाच हिशेब लागतो. पण त्याला एक शेपूट आहे. रेफरीच्या मते त्यामुळे समोरच्या संघाचं नुकसान होत असेल, तर घड्याळ जिथे थांबलं तिथूनच पुढे चालवायचं.

हे शेपूट वाचताना किरकोळ वाटतं. त्याचं वजन मला एका शनिवारी कळलं.

शेजारच्या कोर्टवरचा बॉल

इथले हॉल तुम्ही पाहिले असतील. एकाच छपराखाली दोन-तीन कोर्ट, मध्ये पडदा, जमिनीवर बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, हँडबॉल सगळ्यांच्या रंगीत रेघा. शेजारच्या कोर्टचा हॉर्न वाजतो आणि आपल्या कोर्टवरची मुलं थबकतात. रेफरी "खेळा, खेळा" म्हणून हात फिरवतो, कारण दुसऱ्याच्या हॉर्नने आपला खेळ थांबत नाही. पण पडद्याखालून दुसरा बॉल आत आला तर थांबवावंच लागतं. धावणाऱ्या पोराच्या पायाखाली तो आला तर गुडघा गेलाच.

सोळा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. आमचा क्लब एका गुणाने पुढे, सामन्याची वीस सेकंदं शिल्लक. बॉल आमच्याकडे, समोरच्या अर्ध्यात, आणि शॉट क्लॉकवर सहा. तेवढ्यात पडद्याखालून एक बॉल घरंगळत थेट कोर्टच्या मध्यावर आला. शिट्टी. दोन्ही घड्याळं थांबली.

आमचा कोच लगेच ओरडला, "चौदा!" आणि त्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. समोरचा अर्धा, तेरापेक्षा कमी शिल्लक, कारणाचा कोणत्याच संघाशी संबंध नाही. पाहुण्यांचा कोच काहीच बोलला नाही, नुसता दोन्ही हात पसरून उभा राहिला.

आता हिशेब करा. घड्याळ सहावर ठेवलं तर आमच्या मुलांना सहा सेकंदांत शॉट घ्यावा लागणार, आणि तो चुकला तर पाहुण्यांच्या हातात साधारण चौदा सेकंद. चौदावर नेलं तर आमची मुलं तेवढा वेळ बॉल फिरवणार आणि पाहुण्यांना उरणार सहा. पाहुण्यांनी अठरा सेकंद जीव तोडून बचाव केला होता, आणि ती मेहनत पडद्याखालून आलेल्या बॉलने पुसली जाणार होती.

रेफरी सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती, आमच्याच क्लबातली. ती टेबलपाशी आली आणि तिने दोनच प्रश्न विचारले. "सामन्याचं घड्याळ?" वीस. "शॉट क्लॉक?" सहा. ती दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "सहा राहू दे."

आमचा कोच म्हणाला, "पुस्तकात चौदा लिहिलंय."

ती म्हणाली, "त्याच्या पुढचं वाक्यही लिहिलंय," आणि बॉल घेऊन बाजूच्या रेघेकडे गेली.

आमचा शॉट रिंगवर आपटला, पाहुण्यांनी बॉल घेतला, आणि दोन सेकंद उरले असताना बास्केट केली. आम्ही एका गुणाने हरलो.

नंतर कँटीनमध्ये एक बाबा माझ्याजवळ आला. रागावलेला होता, पण आवाज खालीच. "तू आपल्या क्लबाचा ना? तू आधीच चौदा लावून टाकायचंस. तिने बदललं नसतं." मी म्हटलं, ते लावणं माझं काम नाही. किती होते ते सांगणं माझं काम. तो म्हणाला, "शेजारच्या कोर्टने चूक केली आणि आमची पोरं हरली, हा कुठला न्याय?" कॉफी संपवून तो गेला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

त्याचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. परदेशात टेबलवर बसलेल्या आपल्यासारख्याला "तू आपला ना?" हे वाक्य जरा जास्तच टोचतं. आपलं मानून घ्यावं म्हणून आपण बरंच काही करत असतो: भाषा शिकतो, वाढदिवसाला गोल करून बसतो, थंड सँडविचला जेवण म्हणतो. पण आठ सेकंद इकडे-तिकडे करून आपलेपणा मिळवायचा असेल, तर तो नको.

ती मुलगी बरोबर होती का? माझ्या मते होती. फीबा नियमांसोबत अर्थनिर्णयांची वेगळी पुस्तिका काढते, त्यात जवळपास हाच प्रसंग आहे. चौथ्या क्वार्टरची पंचवीस सेकंदं शिल्लक, गुण बरोबरीत, एक संघ वीस सेकंद बॉल खेळवतो आणि कोणीतरी कोर्टवर बाटली फेकतं. उत्तर: त्याच संघाचा थ्रो-इन, शॉट क्लॉकवर उरलेले चारच सेकंद. नवीन वेळ दिला तर समोरच्यांचं नुकसान होईल, असं कारणही दिलंय.

मग दुसऱ्या क्वार्टरमध्ये, वीस मिनिटांहून जास्त खेळ बाकी असताना हेच घडलं असतं तर? तेव्हा चौदा दिले असते तरी कोणाला विशेष फरक पडला नसता, आणि सरळ नियम लावणंच योग्य. सीमारेषा कुठे? ते पुस्तकात नाही. "रेफरीच्या मते" एवढेच शब्द आहेत. ज्यांना प्रत्येक नियमात फक्त होय किंवा नाही हवं असतं (मीही त्यातलाच) त्यांना हे खटकतं. पण जगातल्या सगळ्या हॉलमधले सगळे पडदे कोणी आधी मोजून ठेवणार नाही. म्हणूनच पुस्तकात न लिहिलेल्या गोष्टींचा निर्णयही मुख्य रेफरीच्या हाती दिलाय.

म्युनिक, १९७२

हे सगळं पोराटोरांच्या खेळात ठीक, असं कोणाला वाटत असेल तर बास्केटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात कडू वाद पाहा. तो याच प्रश्नावरचा आहे.

म्युनिक ऑलिंपिक, सप्टेंबर १९७२, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत युनियन अंतिम सामना. ऑलिंपिकमध्ये अमेरिका तोवर एकही सामना हरली नव्हती, ओळीने ६३ जिंकलेले. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकले, अमेरिका ५०-४९ ने पुढे. पण दुसऱ्या थ्रोच्या वेळी टेबलवरून हॉर्न वाजला. सोव्हिएत बाजूचं म्हणणं, आम्ही टाइम-आउट मागितला होता, तो दिला नाही. खेळ सुरू झाला आणि एक सेकंद उरला असताना थांबवला गेला. तेव्हा फीबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळ परत तीन सेकंदांवर लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बॉल टाकला तेव्हा घड्याळ नीट लावून झालंच नव्हतं. हॉर्न वाजला, अमेरिकन खेळाडू नाचायला लागले, आणि पुन्हा सगळं रद्द. तिसऱ्यांदा इव्हान येदेश्कोने कोर्टच्या या टोकाहून त्या टोकाला बॉल फेकला, अलेक्सांद्र बेलोव्हने तो बास्केटमध्ये टाकला, ५१-५०. अपील समितीने अमेरिकेची तक्रार ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. त्या संघाने रौप्यपदकं आजवर घेतलेली नाहीत.

टाइम-आउट खरंच मागितला होता का, यावर अजूनही वाद घालता येतो. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. निर्णय ज्याने द्यायचा त्याने दिला नाही. जोन्स हे फीबाचे मोठे अधिकारी असले तरी त्या सामन्याचे रेफरी नव्हते. आणि घड्याळ तयार आहे का हे न पाहता बॉल खेळात दिला गेला. आमच्या सतरा वर्षांच्या रेफरीने टेबलपाशी येऊन दोन आकडे विचारले, तेवढं त्या रात्री झालं असतं तर निदान दुसरा गोंधळ टळला असता.

ऐंशी दिवसांनी पुन्हा सुरू

दुसरी गोष्ट टेबलवाल्यांनी भिंतीवर लावावी अशी. १९ डिसेंबर २००७, एनबीए, अटलांटा विरुद्ध मायामी, जादा वेळ. शकील ओ'नीलला सहावा फाऊल झाला म्हणून बाहेर काढलं, ५१.९ सेकंद उरले असताना. प्रत्यक्षात तो त्याचा पाचवाच होता, टेबलवर चुकीची नोंद झाली होती. मायामीने तक्रार केली. लीगने ती मान्य करून अटलांटाला पन्नास हजार डॉलर दंड केला आणि ती ५१.९ सेकंदं पुन्हा खेळायला लावली. तो दिवस उजाडला ८ मार्च २००८ रोजी. तोवर ओ'नील फीनिक्सला विकला गेला होता! ज्याच्यासाठी खेळ पुन्हा मांडला तोच नव्हता. त्या ५१.९ सेकंदांत एकही गुण झाला नाही आणि अटलांटा ११४-१११ ने जिंकलं.

खेळ थांबला तिथून सुरू करता येतो, पण ती वेळ परत आणता येत नाही. फीबाच्या नियमांत म्हणूनच दुरुस्तीला मुदत आहे. स्कोअरशीटमधली किंवा घड्याळाची चूक मुख्य रेफरीची सही होईपर्यंत कधीही सुधारता येते. फ्री थ्रो चुकून दिले, किंवा भलत्याच खेळाडूने टाकले, तर मात्र खिडकी फार लहान. चुकीनंतर घड्याळ चालू झालं, मग पहिल्यांदा खेळ थांबला आणि पुन्हा बॉल खेळात आला, की संपलं. आणि मधल्या वेळात झालेले गुण, गेलेली सेकंदं तशीच राहतात. मागचं पुसून नवा डाव नाही.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर संध्याकाळी लोडशेडिंग झालं की दिवे जायचे. परत आल्यावर दोन्ही कॅप्टनांना आपापल्या सोयीचा स्कोअर आठवायचा. ज्याच्याकडे वही, त्याचं खरं. त्या वहीवाल्याला आम्ही चिडवायचो. आज कळतं, त्या मैदानावर सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच होता.

टेबलवर बसणाऱ्यांसाठी

१. शिट्टी वाजली की आधी घड्याळ थांबवा, मग शॉट क्लॉकचा आकडा मनात किंवा कागदावर ठेवा. रीसेटचं बटण रेफरीचा निर्णय कळल्याशिवाय दाबू नका. एकदा दाबलं की जुना आकडा गेला.

२. बॉल कोणाच्या ताब्यात होता आणि कोर्टच्या कुठल्या अर्ध्यात, एवढं नेहमी बघत राहा. रेफरी विचारणार तेच.

३. शॉट क्लॉक चुकून वाजलं तर घाबरू नका. तो हॉर्न दुर्लक्षून खेळ चालूच ठेवायचा असतो. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांचं त्यामुळे नुकसान झालं असं रेफरीला वाटलं, तरच तो थांबवून घड्याळ सुधारेल आणि बॉल त्यांनाच देईल.

४. काही गडबड वाटली तर बॉल पुन्हा खेळात येण्याआधी सांगा. नंतर सांगितलेलं खरं असलं तरी बऱ्याचदा निरुपयोगी.

५. विचारलं तर काय दिसलं ते सांगा. काय व्हायला हवं ते सांगू नका.

पाचवा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, विशेषतः आपलाच क्लब एका गुणाने पुढे असताना.

नियम दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला फीबाच्या साइटवरून ताजी प्रत उतरवून घ्या. फुकट आहे. शॉट क्लॉक कुठल्या वयोगटाला लागू आहे हे आपल्या क्लबात विचारा. आणि कोणाच्या हॉलमध्ये याहून विचित्र कारणाने खेळ थांबला असेल तर जरूर लिहा: बॉल कोणाचा, कुठून आणि किती सेकंद, या तिन्ही उत्तरांसकट.

चूभूद्याघ्या.